चक्कीखालची वाळू

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही मला कधी जमलं नाही, त्याबद्दल माफी. चौथीपर्यंत शिकले आणि आदिलाबादकडं होमगार्डमध्ये लागले. बायकांची झडती असली की ठाण्यातून बोलावणं यायचं. तेव्हा आंध्र प्रदेश होता. त्या चक्कीच्या केसची आठवण झाली की अजून डोकं तापतं.

नदीकाठच्या वाळूच्या जागेवर एका शेठनं दोन खोल्या बांधल्या. एकीत ज्वारीच्या पोत्यांची छताला टेकलेली थप्पी, दुसरीत पिठाची चक्की आणि तिचं डिझेल इंजिन. वर्षाच्या आत इंजिनाचा ओटा खचला, भिंतीला चीर गेली. शेठनं तक्रार दिली, खोल्या बांधणाऱ्या मेस्त्रीनं सिमेंट चोरून विकलं. त्यातच खबर आली की मेस्त्रीच्या घरी सिमेंट आहे. झडतीत अर्धं पोतं निघालं, तेही दुसऱ्याच्या कामाचं. झालं! मेस्त्रीला ठाण्यात आणून बसवलं.

"सिमेंट कुठं विकलं?" एस.आय. साहेबांनी विचारलं.

"साहेब, पोत्याची खोली बी मीच बांधली. तिथं एवढं ओझं हाय, ते काऊन नाही खचलं?"

"मलाच उलटा सवाल करतो?"

सवाल बरोबर होता. पण ऐकतो कोण? मलाही साहेबांपुढं तोंड उघडता येत नसे. इकडं मेस्त्रीच्या बायकोनं शेळ्या विकल्या आणि नवरा सुटावा म्हणून सगळी मजुरी शेठला परत दिली. शेठनं पैसे घेतले, तक्रार तशीच ठेवली!

मेस्त्रीला घेऊन चक्कीवर पंचनाम्याला गेलो तर शेठ इंजिन बंद करेना, "गिऱ्हाईक जाते." ओट्यावर त्याची ज्वारीनं काठोकाठ भरलेली पायली होती. पंचनामा होईतो तिच्यातली ज्वारी बोटभर खाली गेली. शेठ ओरडला, "या बुढीनं दाणे काढले!"

बुढी म्हणजे दळण घेऊन आलेली म्हातारी. साहेबांनी मला झडती घ्यायला सांगितलं.

"अवो बाई, माझ्या कमरेत काय पाह्यता?" ती भडकली. "उसनी ज्वारी परत घेताना तुमी पायली ठोकत नाही काय? ठोकली का दाणे बसतात. वर धोंडा ठेवला तर बसतात काय? इथं इंजिनच ठोकून राह्यलं!"

माझा हात तिथंच थांबला. कसं कोण जाणे, मी बोलले, "साहेब, ओट्याखाली खोदून तर पाहू."

खोदलं. सिमेंट दगडासारखं पक्कं होतं. त्याच्याखाली वाळू बसून हात जाईल एवढी पोकळी झाली होती. पोत्यांच्या खोलीखाली तसं काहीच नव्हतं. मेस्त्री म्हणाला, "आधी पाणी मारून, वाळू ठोकून धुम्मस करू म्हणलं होतं, साहेब. शेठ म्हणले, फुकटचा खर्च."

ओझं जड आहे म्हणून जमीन खचली, असं आम्ही सगळेच धरून बसलो होतो. जड ओझं तर शेजारी मुकाट उभं होतं. खचवलं ते रोजच्या हादऱ्यानं. तेव्हापासून चोरी म्हटली की आधी चोरी झाली का, एवढं मी विचारायला लागले.

शेठची कुरकुर संपेना. "ओटा तर गेलाच ना माझा?" साहेबांनी मेस्त्रीला सोडलं आणि मजुरी परत कर म्हणून शेठलाच ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी, ठाण्यातच, त्यानं मेस्त्रीच्या बायकोच्या हातात सगळी मजुरी ठेवली. तिनं दोनदा मोजली. पुरी होती.