दूधवाल्याशी लावलेली शर्यत

आमचे हे घरात इतके गरीब, की आमटीत मीठ नसलं तरी न बोलता जेवून उठायचे. भाजीवाल्यानं किडकी वांगी गळ्यात मारली तरी त्याला उलटून बोलणार नाहीत. पण मोटरसायकलला किक मारली की ह्याच माणसाच्या अंगात कोण संचारायचं, देव जाणे. मोटार पुढं गेली तर चालायचं, दुचाकी गेलेली खपायची नाही. कट मारणाऱ्यानं जणू ह्यांचा बापच काढला. मी मागून पाठीत बुक्क्या घालायची, ओरडायची. त्यांना वाटायचं, मी जोर देतेय.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न सिन्नरला होतं, मुहूर्त दुपारी बारा सत्तावीसचा. तिनं लग्न लागताना नेसायची पैठणी येवल्याहून आदल्या संध्याकाळी आमच्या हातात पडली. सकाळी फॉल लावून होईतो साडेदहा वाजले. आईनं बजावलं होतं, पैठणी आल्याशिवाय मुलगी बोहल्यावर जायची नाही. ह्यांनी छाती काढून सांगितलं, पाऊण तासात पोचवतो.

नाशिकरोड सोडलं आणि एक दूधवाला आम्हाला मागं टाकून गेला. शहरात दूध घालून रिकामे कॅन घेऊन घरी निघालेला, डोक्याला टॉवेल, गाडी आमच्याहून जुनी. ह्यांना ते फार लागलं. गाडी पळवली, त्याला मागं टाकलं, आणि तेवढ्यात पेट्रोल रिझर्व्हला लागलं.

पंपावर मी उतरले आणि पैठणीची पिशवी छातीशी धरून उभी राहिले. टाकीचं झाकण लागतंय तोच रस्त्यावरून कॅन वाजले. दूधवाला वळून हसला आणि पुढं गेला. झालं. ह्यांनी किक मारली आणि गेले. मी पंपावरच. मी हाका मारल्या, पंपावरच्या दोघांनी मारल्या. ह्यांनी मागं न बघता आम्हाला हात हलवला.

मला रडू येत होतं आणि संतापही. नवरा गेला तर गेला, घड्याळ थांबणार होतं का? सिन्नरची काळीपिवळी जीप आली, तिच्यात मी घुसले. आधीच चौदा माणसं होती. पिशवी डोक्यावर धरून बसले आणि ह्यांना काय काय सुनवायचं त्याची मनात उजळणी करत राहिले.

मोहदरीच्या घाटात खिडकीतून एकदम आमची गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला स्टँडवर लावलेली, शेजारी दूधवाल्याची. आणि दोघं दरीकडं तोंड करून उभे. म्हटलं, वा! शर्यत संपली, दोस्ती झाली, आता मिळून लघवीला थांबलेत. जीप थांबवा म्हणता आलं असतं. मी मुद्दाम तोंड फिरवलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी मी मांडवात पोचले. बहीण पैठणी नेसली, मुहूर्तावर अक्षता पडल्या. जावईबापू कुठायत म्हणून जो तो विचारत होता. मी म्हटलं, येतील रमतगमत.

ते आले तेव्हा दुसरी पंगत बसत होती. शर्ट चिखलानं माखलेला, कोपर खरचटलेलं, मागं तो दूधवाला. मी पदर खोचून पुढं झाले, सगळं तोंडपाठ होतं. ह्यांनी मला बघितलं आणि जवळच्या खुर्चीत मटकन बसले.

"तू पडली नाहीस," एवढंच म्हणाले, आणि हातरुमालात तोंड खुपसलं.

बाकीचं दूधवाल्यानं सांगितलं. घाट चढेपर्यंत हे एकटेच बडबडत होते. बायको आज बुक्क्या घालत नाही, मध्ये बोलत नाही, म्हणून खुशीत. त्याला मागं टाकलं, "बघितलंस?" म्हणून वळले, तर सीट रिकामी. मग घाटातलं एकूण एक वळण दोघांनी पालथं घातलं. हे कठडा ओलांडून खाली उतरायचे, झुडपं चाचपायचे. तसेच मागं येत येत पंपापर्यंत गेले, तेव्हा कळलं की बाई जीपनं गेल्या.

"ताई, आधी नुसतं 'अगं ए, अगं ए' करत व्हते," दूधवाला म्हणाला. "म्या म्हणलं, दादा, नाव तर घ्या. मंग घेतलं. लय मोठ्यानं. आख्खी दरी घुमली बघा."

आमच्याकडं नवरे बायकोला नावानं हाक मारत नाहीत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, ह्यांच्या तोंडून माझं नाव मी उखाण्यापलीकडं ऐकलेलं नव्हतं. आणि आता घेतलं तेव्हा मी जीपमध्ये तोंड फिरवून बसले होते. माझी मलाच लाज वाटली. दूधवाल्याला मी पानावर बसवलं आणि आग्रह करकरून जिलेबी वाढली.

परतताना सायकलीसुद्धा आमच्या पुढं गेल्या. दर थोड्या वेळानं ह्यांचा डावा हात मागं यायचा, माझा गुडघा चाचपायचा आणि पुन्हा हँडलवर जायचा.

ती सवय पुढंही राहिली. नाशिकचे रस्ते रुंद झाले, पोरं सुसाट आम्हाला कट मारून जायला लागली. हे त्यांना जाऊ देतात आणि मला विचारतात, "अगं ए, आहेस ना?"

मी गप्प बसते. पुन्हा विचारतात, मी पुन्हा गप्प. मग गाडी बाजूला घेऊन, इकडंतिकडं बघून, हळूच नावानं विचारतात. तेव्हा मी हो म्हणते.