वेल्ह्याची पाच अंडी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझी बायको सुनंदा वारली. चौदाव्या दिवशी कदमचा फोन आला.

कदम पूर्वी सरकारी खात्यात माझ्या हाताखाली ज्युनिअर जिऑलॉजिस्ट होता. आता पुण्यात त्याची कन्सल्टन्सी आहे, आणि रिटायर झाल्यापासून मी अधूनमधून त्याच्या हाताखाली असतो. उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे, हे मी खात्यात नव्याने आलेल्यांच्या प्रशिक्षण वर्गात शिकवायचो. ते असे पटेल असे वाटले नव्हते.

"सर, कळलं. येता नाही आलं," तो म्हणाला. मग त्याच सुरात, "वेल्ह्याजवळ डायनासोरची अंडी निघालीत. क्लायंटला सर्टिफिकेट हवंय. तुम्हाला भोरहून जवळ पडेल."

वेल्ह्यात डायनासोरची अंडी निघणे म्हणजे वीटभट्टीत बर्फाची लादी निघणे. तरी मी गेलो. घरात बसून ऐकण्यासारखे काही उरले नव्हते.

क्लायंटचे नाव राजाभाऊ. तोरण्याच्या पायथ्याशी त्यांचे रिसॉर्ट आहे. गेटवरच भला मोठा फ्लेक्स होता. त्यावर फेटा बांधलेला डायनासोर दोन्ही हात जोडून उभा.

"बोर्ड आधीच?" मी विचारले.

"प्रिंटिंगवाला लई वेळ लावतो, सर. म्हणून आधीच टाकला."

"आणि रिपोर्ट?"

"तो तुम्ही देणारच की."

अंडी रिसॉर्टमागच्या शेतात होती. हे शेत राजाभाऊंनी नुकतेच घेतले होते. पार्किंगसाठी जेसीबीने माती ओढताना पाच गोल दगड उघडे पडले. कलिंगडाएवढ्यापासून ते दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढ्यापर्यंत, आकाराने चढत्या क्रमाने, एका ओळीत. राजाभाऊंनी भोवती पेंढा पसरला होता. घरटे दिसावे म्हणून.

"हे बघा टरफल," ते म्हणाले आणि बांधावरच्या एका सहाव्या दगडाचा पापुद्रा नखाने काढून दाखवला.

इथे थोडे शास्त्र सांगतो. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास तो एकावर एक असा थरांनी पसरला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, एवढे सोपे. वर्षांचा आकडा काढायचा तर दगडातल्या पोटॅशियमचा आरगॉन वायू किती झाला ते लॅबमध्ये मोजतात. आता जीवाश्म. प्राणी मेला, गाळात पुरला गेला आणि गाळाचा दगड झाला, तर जीवाश्म मिळतो. हजार अंशांवरच्या लाव्ह्यात अंडे पुरले, तर जे मिळते त्याला शास्त्रात वेगळे नाव नाही. हॉटेलात ऑम्लेट म्हणतात.

आणि पापुद्रे? पाषाणाला भेगा असतात. त्यांत पाणी मुरते, कोपरे आधी कुजतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मध्ये गोल गाभा राहतो. भोरपासून वेल्ह्यापर्यंत कुठलाही रस्ता खणला की असे गोटे दिसतात. राजाभाऊंचा सहावा दगड तसाच होता.

पण ते पाच मला अडवत होते. त्यांच्यावर पापुद्रा नव्हता. गुळगुळीत होते. मोठ्या तिघांना दोन्ही बाजूंना उथळ खळगे होते. आणि ती ओळ. निसर्ग गोल दगड करतो, पण ते मापाने लावून ठेवत नाही. मी खाली बसलो, भिंग लावले, टेप लावली, फोटो काढले. कळले काही नाही.

शेताच्या वरच्या कडेला डोंगरात गेरूसारखा तांबडा थर दिसतो. एक लाव्हा थंड झाला, त्याची माती झाली, मग पुढच्या लाव्ह्याने ती भाजली. दोन लाव्ह्यांमधली ती मधली सुट्टी. जीवाश्म असलेच तर अशाच सुट्टीत सापडायचे, म्हणून तोही तासभर पाहिला. एक शिंपलासुद्धा नाही. मात्र या चिकट थरातून पाणी खाली जात नाही, ते बाजूने बाहेर येते. तिथे झरा होता. वरच्या वाडीचे उन्हाळ्यातले पाणी तेवढेच.

तिथून परत येताना कोंडाबाई भेटल्या. सत्तरी उलटलेल्या, डोक्यावर हंडा.

"काय मोजताय, सायेब? कुपन घालायचं ठरलं का?"

"कसलं कुंपण?"

राजाभाऊंनी हे मला सांगितले नव्हते. वाडीतून कड्याला वळसा घालून उतरणारी झऱ्याची वाट या शेतातून जाते. वहिवाट जुनी, म्हणून तहसीलमधून ती बंद करता आली नाही. पण इथे जीवाश्म आहेत असा कागद मिळाला, तर संरक्षणाच्या नावाखाली कुंपण आणि गेट मागता येणार होते. म्हणजे मी अंडी तपासायला आलो नव्हतो. गेटला कुलूप घालायला आलो होतो.

"या दगडांमुळे घालणार आहेत," मी म्हणालो. "अंडी आहेत म्हणतात."

कोंडाबाईंनी हंडा उतरवला. पेंढ्यात बसलेल्या पाचही दगडांकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"अवं, ह्या तालमीच्या गोट्या! आमची वाडी आदी हितंच व्हती. मारुतीम्होरं पोरं गोटी उचलायची. बारकी पोरांची, मोठी पैलवानाची. ही शेवटची फकस्त माझ्या सासऱ्यानं खांद्यावर घेतली. वाडी वर गेली, मारुती नेला, ह्या कोण नेतंय? आन् म्हणं अंडी! सासरा कोंबडा व्हता का माजा?"

खळगे म्हणजे हाताची पकड. चढता क्रम म्हणजे तालमीचा अभ्यासक्रम. माझी पदवी, डॉक्टरेट आणि तीस वर्षांची नोकरी भिंग घेऊन त्यांच्या शेजारी उभी होती.

राजाभाऊ तोवर आले होते. "मावशी, तुमी मधी बोलू नका. हे सायन्स हाय."

"व्हय, मग त्या सायन्साला म्हणावं, उचलून दाव."

राजाभाऊ माझ्याकडे वळले. "सर, मग इथं डायनासोरचं काहीच नाही?"

"आहे ना. पक्षी हे डायनासोरचेच वंशज. तुमच्या किचनमागच्या खुराड्यात बारा-पंधरा आहेत. बोर्ड तिकडे लावा."

त्यांना ते आवडले नाही. कदमलाही नाही.

"सर, अंडी आहेत असं कुठे लिहायचंय?" संध्याकाळी त्याचा फोन. "'जीवाश्म असण्याची शक्यता नाकारता येत नाही', एवढंच टाका. कशाचीच शक्यता नाकारता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

खरे होते. मी ते वाक्य नोकरीभर लिहिले होते. सुनंदा भोरच्या शाळेत मराठी शिकवायची आणि माझा प्रत्येक रिपोर्ट तिच्या लाल पेनाखालून जायचा. हे वाक्य ती दर वेळी खोडायची. म्हणायची, "नाकारता येत नव्हती, तर मग गेला होतात कशाला?" मी ते ऑफिसात जाऊन परत घालायचो. त्यात माझी सोय होती. कोणाची गैरसोय होती, ते पाहायला मी कधी परत गेलो नव्हतो.

रिपोर्ट एका पानाचा झाला. हे दगड अंडी नाहीत. हे जीवाश्म नाहीत. या जागी जीवाश्म मिळालेले नाहीत. हे दगड माणसांनी तालमीसाठी घडवले आणि वापरले आहेत. माहिती देणाऱ्या: कोंडाबाई. "शक्यता" हा शब्द नाही.

कदमने त्यानंतर मला काम दिलेले नाही. राजाभाऊंचा अर्ज तहसीलमध्ये टिकला नाही. पुढच्या शनिवारी वाडीतल्या लोकांनी चार गोट्या वर मारुतीपुढे नेल्या. पाचवी सात जणांनी एकेकट्याने उचलून पाहिली, हलली नाही. राजाभाऊंनी तिच्याशेजारी नवा बोर्ड लावला आहे: 'ऐतिहासिक तोफगोळा'. डायनासोरचा फेटा त्यांनी वाया घालवला नाही, तो आता एका मावळ्याच्या डोक्यावर आहे.

या धंद्यात मी एवढे शिकलो: दगड कधी खोटे बोलत नाही, त्याला सर्टिफिकेट लागते ते माणसाला खोटे बोलायचे असते म्हणून. आणि दगडाचे वय लॅबमध्ये विचारावे, काम मात्र गावात विचारावे.

झऱ्याची वाट उघडी आहे. पाचवी गोटी शेतात आहे. रिपोर्टची एक प्रत घरी सुनंदाच्या टेबलावर आहे. तिच्यावर लाल शाई नाही.