आत्या, चढण आणि लो गिअर

आमची एटीव्ही, म्हणजे खडकाळ वाटेवर चालणारी चारचाकी उघडी गाडी, लोणावळ्याच्या एका बंगल्यात वाढली. मालकाने ती बागेतल्या कुंड्या आणि खताची पोती हलवायला घेतली होती. त्याने बंगला विकायला काढला तेव्हा मी नुकताच रेल्वेतून निवृत्त होऊन पवनेच्या अंगाला, आमच्या वाडीत, शेती करायला आलो होतो. ती माझ्या गळ्यात पडली, असं मी बायकोला सांगतो. खरं तर तिच्यासाठी मी त्या बंगल्यावर तीन चकरा मारल्या. जाड चाकं, पुढे-मागे लोखंडी कॅरिअर, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ. पर्यटकांना धुरळ्यात घुमवणाऱ्या गाड्या वेगळ्या, ही कामाची गाडी.

कामशेतच्या मेकॅनिकने ती तपासून दिली आणि गुडघ्यापाशी असलेल्या दांड्यावर बोट ठेवलं. "काका, एच म्हणजे हाय, सपाटीला. चढ असला, वजन असलं, की एलमध्ये, म्हणजे लोमध्ये टाकायचं. पण आधी गाडी पुरती थांबवायची, नायतर गिअरचे दात जातील."

मी म्हणालो, "अरे, मी तीस वर्षं खंडाळ्याच्या घाटात इंजिनं चालवलीत."

त्याने बिल पुढे केलं. गिऱ्हाईक वयाने मोठं असलं की आमच्याकडे माणसं गप्प बसतात, आणि मोठ्या माणसाला वाटतं आपण जिंकलो. पुढे सहा महिने मी त्या दांड्याला हात लावला नाही. खताची पोती खाचरापर्यंत नेण्यापुरती सपाटी होती आणि मी एचमध्ये खूश होतो.

आता आत्याकडे येतो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सर्वांत धाकटी बहीण, वय ऐंशीच्या पुढे, राहायला कामशेतला, जिभेने अजून तरणी. वाडीच्या वर पठारावर आमच्या देवीचं देऊळ आहे आणि चैत्रात तिची जत्रा भरते. त्या दिवशी देवीची पहिली ओटी घरातल्या सर्वांत थोरल्या लेकीने भरायची, सुनेने नाही. आणि लेक ती लेक, नवरा असो-नसो, देवीसमोर तिचं कपाळ कुणी बघत नाही. थोरल्या बहिणी गेल्यावर आत्याने हा मान वीसेक वर्षं मिरवला. मग गुडघे गेले. गेली चार वर्षं ती जत्रेला यायची, आमच्या ओट्यावर बसायची आणि तिच्या नावाची ओटी माझी बायको वर जाऊन भरायची. खाली येऊन बायको सांगायची, "ओटी पोचली हो, आत्या." आत्या म्हणायची, "बरं झालं."

औंदा जत्रेच्या आदल्या दिवशी आली ती सरळ गाडीपाशी गेली आणि तिने सीट दाबून पाहिली.

"उद्या मी वर जानार. हिच्यावं बसून."

माझ्या धाकट्या भावाने खुर्चीला बांबू बांधून न्यायचं सुचवलं. आत्या म्हणाली, "चौघंजणं मेल्यावं नेत्यात. आत्ताच कशाला घाई?" मग जरा थांबून म्हणाली, "गाडीवं जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर पुन्यांदा कदी न्हाई इचारनार." तिने एकदा ज्याला 'नाही' म्हटलं ते आयुष्यात पुन्हा कधीच केलेलं नाही, हे आम्हा दोघा भावांना चांगलं ठाऊक होतं.

सकाळी बायको ओट्या घेऊन इतर बायकांबरोबर पायवाटेने वर गेली. आम्ही तिघं गाडीवाटेच्या पायथ्याशी. मी पुढे, आत्या मागे, मांडीवर पिशवी, माझ्या कमरेला तिचे हात. भाऊ बाजूला उभा. तो बैलगाडा शर्यतींचा वेडा आहे, आणि मीही काही कमी नाही. आमच्याकडची शर्यत चढावरची असते. त्या चढालाच घाट म्हणतात, आणि बैल पायथ्यापासूनच असे सुटतात की वरच्या टोकाला पोचेपर्यंत बघणाऱ्याचा श्वास अडकतो. त्यामुळे चढ पायथ्याशीच जिंकायचा, हे आमच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं. भाऊ म्हणाला, "दादा, खालनंच झेप घे. पावर हाय तिच्यात." आणि गाड्याला घालतात तशी हाळी घातली, "भिर्रर्र!"

मी झेप घेतली. अर्धी वाट वाऱ्यासारखी गेली. पुढे करवंदीच्या जाळीपाशी वाट वळते आणि नुसते दगड आणि मुरूम. तिथे इंजिन बोंबललं, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी थांबली. आत्याला बसवूनच गाडी हळूहळू मागे घेतली, पुन्हा पायथा.

दुसऱ्या वेळी आणखी लांबून पळवत आणली. आत्या मागून म्हणाली, "आरं, मला देवीकडं जायाचंय, शर्यतीला न्हाई." त्याच वळणावर, त्याच दगडांत अडकलो. आता रबर जळाल्याचा वासही यायला लागला. भावाने धावत येऊन चाकांना दगड लावले आणि निकाल दिला, "हिच्यात दम न्हाई दादा. म्होटं इंजिन पायजे हुतं."

वरून हलगी ऐकू येत होती. आत्याने वर पाहिलं आणि बसल्या जागेवरून हात जोडले. "ऱ्हाऊ दे. हितनंच नमस्कार करते."

तिला देवळापासून दोनशे पावलांवर आणून मी माझ्या हुशारीपायी तिथेच ठेवलं होतं.

मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "का रं, तू रेल्वेत घाट चढवायचास, तवा असंच पळवायचास?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि माझे कान तापले. कारण माझी नोकरीच मुळी बँकर इंजिनांवर गेली. कर्जतला गाडीच्या मागे जोडतात आणि घाटभर तिला रेटत वर आणतात, ती इंजिनं. तीस वर्षं मी वेग नव्हे, रेटा विकत होतो. सबंध गाडी मागून ढकलताना एकदाही मला झेप घ्यावीशी वाटली नव्हती. आणि घरच्या चढाशी आलो की मी आपला शर्यतीतला पोरगा!

मी ब्रेक दाबून धरला. गाडी पुरती थांबलेलीच होती. दांडा ओढून एलमध्ये टाकला.

भाऊ म्हणाला, "आता हितनं? उभ्या गाडीनं? न्हाई जायाची."

मी हळूच अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन तेच, त्याची ताकद तेवढीच. पण आता इंजिन भराभर फिरत होतं, चाकं सावकाश, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात कितीतरी जास्त जोर होता. आवाज घुमायला लागला. पुढचं चाक दगडावर चढलं, क्षणभर थांबलं, पलीकडे उतरलं. मग दुसरं. मग मागची दोन्ही. वळण आमच्या खालून निघून गेलं. मी ओरडलोच आनंदाने.

इतक्या सावकाश चाललो होतो की भाऊ बाजूने चालता चालता पुढे गेला आणि कंटाळून थांबला. आत्याची मात्र चंगळ झाली. तिची बोटं माझ्या कमरेवरून निघाली आणि हवेत फिरायला लागली. इथे ती शेणाच्या पाटीसकट घसरली होती. त्या जाळीची करवंदं सर्वांत गोड. तिथे माझ्या वडिलांनी तिला थप्पड मारली होती आणि मग रडली म्हणून खांद्यावर घेतलं होतं. साठीपार झालेला मी, हे पहिल्यांदाच ऐकत होतो. मला वाटलं, वाट अजून लांब असती तर बरं झालं असतं.

पठारावर आम्हाला पाहून हलगीवाल्याने चाल बदलली. बायकांनी वाट करून दिली. आत्या माझ्या खांद्याचा आधार घेत देवळात गेली आणि हळूहळू देवीसमोर बसली. माझ्या बायकोने तिच्या नावाचं ताट तयार ठेवलं होतं. आत्याने ते बाजूला सारलं आणि आपली पिशवी सोडली.

आतून पाच खण निघाले. पाच नारळ. इंद्रायणीच्या तांदळाच्या पाच पुरचुंड्या.

"ही औंदाची. आन् ह्या मागल्या चार."

बायको म्हणाली, "आत्या, त्या चारही मी भरल्या होत्या की."

"तू भरल्यास, तुज्या झाल्या, पोरी. माज्या ऱ्हायल्या हुत्या."

चार वर्षं आमच्या ओट्यावर बसून ती "बरं झालं" म्हणत होती आणि आम्ही खुशाल जेवायला बसत होतो.

तिने एकेक करून पाचही ओट्या भरल्या. प्रत्येक वेळी हळद-कुंकू नव्याने वाहिलं, प्रत्येक वेळी डोकं टेकलं. कुणी घाई केली नाही. मग नारळ माझ्याकडे दिले आणि देवीकडे बघून, शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "आले बघ गं. वाईच उशीर झाला."

मी पाचही नारळ फोडले. माझ्या कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं, मी रडत होतो आणि हसूही आवरत नव्हतं.