बोट नको, वहिनी

“बोट नको!”

इंदूताई माझ्याशी बोलल्या ते पहिले शब्द हे. वाशीच्या नव्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि नळाला पाणी कधी येतं हे विचारायला मी समोरचं दार वाजवलं होतं. खिडकीशी टेबल, टेबलावर पेन्सिलीने काढलेला एका पस्तिशीच्या माणसाचा चेहरा. इतका जिवंत, की माझा हात आपोआप त्याच्या गालाकडे गेला. बाई किंचाळल्याच. मग ओशाळून म्हणाल्या, “पाणी सहाला येतं. बसा ना.” मी बसले नाही. कसली खवट बाई, असं पुटपुटत घरी आले.

पण रुसून जाणार कुठे? तेव्हा वाशीत इमारती मोजक्या, बस कधीतरी, आणि खिडकीतून बघावं तर खाडीपर्यंत नुसती तिवरं. आमच्या ह्यांची कारखान्यात पाळी. बोलायला माणूस नाही. आठवडाभरात मी पुन्हा तेच दार वाजवलं.

इंदूताई एकट्या राहत. पंचेचाळिशी उलटलेली, अंगाने काटकुळ्या, लग्न झालेलं नाही. नवं शहर आखणाऱ्या कचेरीत त्या ट्रेसर होत्या, म्हणजे इंजिनियरांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचं काम. “दिवसभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवते हो. रविवार तेवढा माझा,” असं म्हणत. रविवारी सकाळी खिडकीतून उजेड आला की त्या ब्लेडने पेन्सिलीला लांबलचक टोक काढत, चित्राला हात लागू नये म्हणून हाताखाली कोरा कागद घेत आणि बारीक बारीक रेघा ओढायला लागत. एका दिशेने एक थर, त्यावर थोडा तिरका दुसरा, मग तिसरा. गाल गोल व्हायला दोन-दोन रविवार लागत. बोटाने, कापसाने, कशानेही चोळणं नाही. “काळं शेवटी करायचं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं होतं, “घाई असेल तर फोटो काढून घ्या.”

एकदा मलाही हुरूप आला. त्यांनी माझ्यापुढे एक वांगं ठेवलं, काढा म्हणाल्या. रेघा ओढून हात दुखला तेव्हा त्यांचं लक्ष नाही असं बघून मी बोटाने सगळं सारवलं. वांगं कसं गुळगुळीत झालं! मी ऐटीत कागद पुढे केला.

“झकास. आता याच्यावर अजून एक थर चढवून दाखवा,” इंदूताई म्हणाल्या.

पेन्सिल नुसती घसरत राहिली.

“कागदाला दात असतात, वहिनी. चोळलं की ते बुजतात. मग वरून काही धरत नाही. जे संपलंय ते खुशाल चोळावं.”

“मग तुमचा हा माणूस कधी संपायचा?” मी सहज थट्टेत विचारलं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं. तो मधू, त्यांचा धाकटा भाऊ. मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा वडील म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. पोरगा मानी, खरोखरच गेला. त्या वर्षी ताईंनी त्याचं चित्र काढलं, अगदी फिक्या पेन्सिलीने. पुढे दर दिवाळीआधी त्याच कागदावर त्याला एक वर्ष चढवायच्या. कपाळावर एखादी रेघ, डोळ्यांखाली थोडी सावली. वडील त्या वयात कसे दिसायचे ते आठवून, कचेरीतल्या पुरुषांचे कान आणि कानशिलं चोरून न्याहाळून. “उद्या रस्त्यात समोरून आला, तर ओळखायला नको?” आणि म्हणून त्या कागदाला कुणाचंही बोट नको होतं, त्यांचं स्वतःचंसुद्धा.

ही वाढ माझ्यादेखत चालायची. एका वर्षी कानशिलांवरचे केस पांढरे झाले. मासे घेऊन येणाऱ्या गावातल्या बाईनेही ते टिपलं. “ताय, यो कोन हाय? गेल्या साली याचं केस काले व्हते ना?” इंदूताई केवढ्या खूश झाल्या! पुढल्या वर्षी त्यांनी मधूला चष्मा दिला, वडिलांना चाळिशीला लागला होता म्हणून.

मला सख्खा भाऊ नाही. आमच्यात ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. पहिल्या वर्षी मी तबक घेऊन निघाले आणि ताईंना हाक मारली, चला गच्चीवर. त्या फटकन म्हणाल्या, “मला भाऊ आहे.” मला लागलं ते. पण मग दाराच्या फटीतून दिसलं, त्यांनी पाटावर चित्र उभं करून ठेवलं होतं आणि निरांजन ओवाळत होत्या. टिळा लावत नसत. तो आल्यावर लावायचा होता.

मग एका नवरात्रात कोकणातून त्यांचे थकलेले मामा आले. तासाभरात गेलेही. संध्याकाळी मी डोकावले तर इंदूताई खिडकीशी बसलेल्या, चहाचे कप तसेच.

“मधू गेला, वहिनी.”

“अगं बाई! कधी?”

“घर सोडलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी. सुरतेला, काविळीने. बाबांना कळवलं होतं कुणीतरी. ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. मामांना ठाऊक होतं, त्यांनाही धीर झाला नाही.” त्यांनी चित्राकडे पाहिलं. “आणि मी त्याला चष्मा लावला हो! विशीही न गाठलेल्या पोराला चष्मा लावला.”

तेव्हा त्या रडल्या. मी उठून त्यांना जवळ घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “ताई, तुम्हीच सांगता ना, न चोळलेली रेघ रबराने स्वच्छ निघते. काढून टाका ती वर्षं. होता तसा करा त्याला.”

“निघतील. पण मग खाली कोण उरेल? बाबांनी घालवून दिलेलं पोर.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “हा निदान माझ्यापाशी राहून म्हातारा झालाय.”

त्या दिवाळीला मी त्यांना हाक मारायचं धाडस केलं नाही. भाऊबीजेला दिवस मावळताना माझंच दार वाजलं. इंदूताई तबक घेऊन उभ्या होत्या. “चला, लौकर मावळतो तो,” म्हणाल्या. खाडीवर चंद्राची बारीक कोर होती. त्यांनी ओवाळलं, हात जोडले, आणि आम्ही खाली आलो.

त्यांच्या घरात चित्र टेबलावरच होतं. इंदूताईंनी तबक खाली ठेवलं आणि उजवा हात मधूच्या गालावर ठेवला. सावकाश फिरवला, कानापासून हनुवटीपर्यंत, आजारी पोराच्या तोंडावरून फिरवतात तसा. इतक्या रविवारांच्या रेघा एकमेकींत मिसळल्या. गाल धुरकटला, त्यांचा तळवा शिशाने काळा झाला.

थोड्या वेळाने मी घरून फराळाचं ताट आणलं आणि करंजी पुढे केली. इंदूताईंनी ती डाव्या हाताने घेतली.