खोड विचारून घेतलेलं कार्ड

कुठलीही वस्तू तिची खोड विचारल्याशिवाय घरात आणायची नाही, हा नियम जन्मभर पाळलेला अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस मला माहीत आहे, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नांदगाव खंडेश्वरजवळच्या त्यांच्या गावात कोणाला बैल घ्यायचा असला की आधी मामांना गाडीत बसवायचे आणि मग बाजाराला निघायचे. मामा बैलाचे दात बघत, खूर उचलून बघत, त्याला पार बाजाराच्या टोकापर्यंत चालवून आणत आणि मग मालकाला एकच विचारत, "खोड सांग." मालक गुण सांगू लागला की मामा पाठ फिरवत. ही सवय बाजारापुरती राहिली असती तरी चाललं असतं. त्यांनी दुकानदाराला पंख्याची खोड विचारलेली आहे, डॉक्टरांना गोळीची विचारलेली आहे, आणि आमचं लग्न ठरताना माझ्या वडिलांना माझीही विचारली होती. हा झोपेत बडबडतो, असं वडिलांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं म्हणून मी पास झालो.

मग ती वाईट वर्षं आली. कापसावर अळी पडली, पाऊस नको तेव्हा यायचा आणि हवा तेव्हा यायचा नाही. बैलबाजारात घेणारे कमी आणि विकणारेच जास्त दिसू लागले. मामांनी बाजाराला जाणं सोडलं. विकणाऱ्याचं तोंड पाहवत नाही, एवढंच म्हणाले. घरी बसल्यावर त्यांची सगळी पारख स्वयंपाकघराकडे वळली आणि मामी वैतागून गेल्या.

त्यातच मामींच्या पायाला जखम झाली. साखरेचं दुखणं जुनंच होतं, त्यामुळे ती भरून यायला पावसाळा उलटला. अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं की आता साध्या चपलेत चालायचं नाही, मऊ तळाचे खास बूट घ्या, नाहीतर पुढच्या वेळी बोट काढावं लागेल. मामींनी बोटाचं फारसं मनावर घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "मंग कार्तिकात कौंडण्यपूरले कशी जाऊ?" रुक्मिणीचं ते माहेर, आणि मामींचं माहेरही तिथून जवळच. लग्न झाल्यापासून त्यांची जत्रा एकदाही चुकली नव्हती. मामा म्हणाले, "मी नेतो."

तसले बूट अमरावतीत मिळेनात. कामानिमित्त अकोल्याला गेलो तेव्हा तिथेही हिंडलो. शेवटी इंटरनेटवर सापडले, पण पैसे आधी भरायचे, आणि मामांच्या पतसंस्थेचं कार्ड तिथे चालेना. माझ्या कार्डावर मागवतो म्हटलं, तर मामांना ते फारच लागलं. भाचीच्या घरी चहा घेतला तरी तिच्या हातावर नोट ठेवणारा हा माणूस. स्वतःचं क्रेडिट कार्ड काढायचं ठरलं आणि माझ्या स्कूटरवर आमचा बँकांचा बाजार सुरू झाला. पहिल्या बँकेतल्या तरुणाने सिनेमाची तिकिटं, विमानतळावरचं फुकट जेवण असे गुण सांगायला घेतले, तेव्हा मामा उठून चालू लागले. दुसरीकडे छापील कागद मिळाला, तो त्यांनी उलटसुलट करून परत दिला. तिसऱ्या बँकेत काउंटरवर एक मुलगी होती. मामांनी विचारलं, "बाई, याची खोड काय हाय?" ती हसली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "काका, तारखेच्या आत पैसे भरले तर गरीब हाय. एक दिवस चुकला की लाथ मारते." मामांनी तिथल्या तिथे कार्डाला तारण म्हणून ठेवीची पावती पुढे केली, सही केली आणि जाता जाता तिच्या वडिलांचं गावही विचारून घेतलं.

कार्ड आलं तेव्हा मामींनी त्याला हळदकुंकू लावलं. ते पुसून मी नंबर वाचले. बुटाचं माप मामांनी स्वतः सुतळीने घेतलं, पण सकाळी घेतलं. संध्याकाळी तो पाय सुजतो हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बूट आले ते घट्ट. "जनमभर बैलायचे खूर पाह्यले अन् घरचा पाय चुकलो," म्हणत ते त्या दिवशी जेवले नाहीत. बूट बदलून मिळतात, अशी समजूत घालून मी मोबाइलवर तशी मागणी टाकली आणि खोका बांधायचं काम त्यांच्यावर सोपवून अमरावतीला परतलो. तिथेच माझं चुकलं. कोणाच्या घरून आलेला डबा नुसताच परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. मामांनी बुटांसोबत मामींच्या हातच्या शेरभर मुगवड्या घातल्या. चार दिवसांनी मला कंपनीचा निरोप आला की खोक्यात भलतीच वस्तू निघाली असून बदली थांबवली आहे. जत्रा नऊ दिवसांवर आली होती.

मी गाव गाठलं आणि कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई पाठ केलेली वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत होती. शेवटी मामांनी फोन घेतला. आपल्या वऱ्हाडी हिंदीत त्यांनी सांगितलं की वड्या चुकून आल्या नाहीत, त्या तुमच्यासाठीच आहेत. मग जखम, बोट, कौंडण्यपूर, सगळं सांगितलं. आणि कोणालाही रिकाम्या हाताने पाठवत नाही, ही आपली खोडही सांगून टाकली. मग पाठ केलेलं बाजूला ठेवून त्या बाईने विचारलं, या वड्या शिजवायच्या कशा. मामांनी फोन मामींकडे दिला. जत्रेला दोन दिवस असताना नवे बूट आले.

नऊवारीखाली ते काळे, बोजड बूट घालून मामी नदीपासून देवळापर्यंत चालल्या. दाराशी बूट काढून, जाड मोज्यांवर, माझ्या बायकोचा हात धरून आत गेल्या. मामा बूट मांडीवर घेऊन पायरीशी बसले. मी सांभाळतो, तुम्ही दर्शन घेऊन या, असं मी दोनदा म्हटलं, पण ते हलले नाहीत. मामी बाहेर आल्या तसे मामा खाली वाकले आणि "उचल" म्हणाले, बैलाला म्हणत अगदी त्याच आवाजात. मोजा काढून त्यांनी तळव्यावरून अंगठा फिरवला, टाचेची धूळ पुसली. "अवो, लोक पाहून राह्यले," मामी पुटपुटल्या. मामांनी सावकाश दोन्ही बूट चढवले.

परतताना मी त्यांना चिडवलं, की लग्नाच्या वेळी मामींची खोड विचारली होती का?

"इचारली ना," मामा म्हणाले. "तिचा बाप म्हणे, दर कार्तिकात हिले कौंडण्यपूरले न्या लागते. मी म्हटलं, नेईन."

ते कार्ड नंतर कधी वापरलं गेलं नाही. मामींनाही आता तेवढं चालवत नाही. पण कार्तिक लागला की मामा ते बूट अंगणात उन्हात आणून ठेवतात.