दोन घरं चाललेलं प्यादं

बुद्धिबळाची पेटी उघडली की सोंगट्यांना अजून बायकोच्या बामाचा वास येतो, आणि पारावरची ती दुपार आठवून माझं डोकं फिरतं. आमच्याकडं सगळे देशी डाव खेळतात, त्यात प्यादं एकच घर सरकतं. तिनं मोबाईलवर बघून मला परदेशी सुरुवात शिकवली. "आवं, पयल्या खेपेला प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. मधली जागा आपली." मी तेवढंच घोकून पारावर गेलो आणि प्यादं दोन घरं सारलं, तसा एक रिटायर फौजी ओरडला, "गड्या, प्यादं कवापासनं पळाया लागलं रं?" मी म्हटलं, बायकोनं शिकवलंय. "मग चुलीम्होरंच खेळ की!" सगळे फिदीफिदी हसले. मी पट उधळला. घरी सांगितलं तर ती म्हणाली, "उद्या त्यास्नी हितं बोलवा. मी खेळती." मी बोलावलं. ती चहाचं आधण ठेवून, पट मांडून दिवस मावळेपर्यंत बसली. एक माणूस फिरकला नाही. आता ती गेल्यावर तेच दारात येतात, म्हणतात, "चल, डाव टाकू, मन रमंल." मी उंबऱ्यातूनच विचारतो, "ती वाट बघत बसलेली, तवा कुठं मेला होतासा रं?"