बोक्याच्या तोंडाचा वास

आमच्या बोक्याची लघवी माझ्यामुळे अडत होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. अक्काला नाही, जनावरांच्या डॉक्टरांना नाही, पुढे लग्न झाल्यावर बायकोलाही नाही. यात सांगण्यासारखं आहे तरी काय, असं कोणी म्हणेल. इतकी वर्षं मीही स्वतःला तेच म्हणत आलो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याहून माझी बदली जळगावला झाली आणि मी अक्काकडे राहायला आलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. आमचं मूळ घर रावेरकडचं, शेतकऱ्याचं आणि कडक. अंड्याचं टरफल जरी अंगणात दिसलं तरी अक्का ते चिमट्यानं उचलून गल्लीच्या पार टोकाला टाकून यायची, आणि चिमटा धुवायची. अशा घरात मी धुळ्याहून एक व्यसन घेऊन आलो होतो. सुकटीचं, वाळवलेल्या बारीक मासळीचं.

धुळ्यात खोलीवर जोडीदार होता, त्यानं लावलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि सुकटीची चटणी. दारू चालली असती, तमाखू चालली असती, पण सुकट! दारूला निदान वास लपवायला बडीशेप असते.

मी बाजारातल्या बाईकडून भाजलेली सुकट पुडीत आणायचो आणि घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे एका डब्यात ठेवायचो. अक्का संध्याकाळी देवळात गेली की वर जायचं आणि शेंगदाण्यासारखी खायची. असं छान चाललं होतं. एकदा अक्का देवळातून लवकर परतली. जिन्यातच तिनं नाक मुरडलं.

"भाऊ, कशाचा वास येऊ राह्यला रे?"

बोका माझ्या मागेच उभा होता. पिवळट, मोठ्या डोक्याचा, अक्कानं गटारीतून उचलून वाढवलेला. मी त्याच्याकडे बोट केलं.

"यानं काहीतरी आणलं होतं तोंडात. मी हाकललं."

अक्कानं त्याच्या पाठीत हलकी चापट मारली. "मेल्या, जातीवर गेला शेवटी." आणि लगेच त्याला उचलून पोटाशी धरलं. विषय संपला.

पण माझ्या डोक्यात एक नवीनच गणित सुरू झालं. वास बोक्याचा म्हटल्यावर बोक्याला वास यायला नको का? अक्का रोज त्याचं तोंड हुंगायची. एखाद दिवशी माझ्या बोटांना वास आणि बोक्याचं तोंड स्वच्छ, असं झालं तर? म्हणून मी रोज त्यालाही मूठभर सुकट घालू लागलो. भूतदया वगैरे काही नव्हती. खोट्या साक्षीदाराला आपण पढवतो, तसं मी त्याला चारत होतो. त्याला ते इतकं आवडलं की त्यानं दूध-भाकरीकडे पाठ फिरवली आणि पाणी पिणंही सोडलं.

मग तो एक दिवस राखेच्या घमेल्यात बसला तो उठेचना. बसायचा, जोर करायचा, ओरडायचा. घमेलं कोरडं. अक्का म्हणाली, त्याला उन्हाळे लागले. धण्याचं पाणी झालं, सब्जा झाला. बोक्यानं दोन्ही सांडलं आणि माझी मनगटं ओरबाडली. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दगडासारखं लागायला लागलं, तेव्हा आम्ही त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथं बैल, म्हशी आणि एक वळू रांगेत उभे. खिडकीतल्या माणसानं केसपेपर पुढे ओढला.

"जनावर?"

"बोका."

त्यानं छापील यादीवरून बोट फिरवलं. "बोका नाही यात. वासरू लिहितो. नर?"

त्या दिवसापासून आम्ही "वासरूवाले" झालो. पुढे जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा आतून हाक यायची, "वासरूवाले, या!" आणि सगळे शेतकरी वासरू कुठंय म्हणून आमच्या मागे बघायचे. अक्का पिशवी थोडी उघडून दाखवायची.

डॉक्टरांचा हात बैलाच्या पोटात कोपरापर्यंत जाणारा. त्या हातांनी त्यांनी बोक्याला उताणं धरलं, तान्ह्या बाळांना दूध पाजायची बारीक नळी कुठूनशी मिळवली आणि पुष्कळ खटपटीनं वाट मोकळी केली. पहिली धार थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर गेली. अक्कानं हात जोडले. डॉक्टरांनी चष्मा पुसत विचारलं,

"याला खायला काय देता? मासळी? सुकं काही?"

अक्काचा चेहरा असा झाला की जणू तिलाच विचारलं. "डॉक्टर, आमच्या घरात असलं शिजत नही. येत नही. त्याले दूध अन् भाकर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. कारकून माणूस, शिकलेला, खरं सांगेल अशा नजरेनं.

"दूध-भाकरच," मी म्हणालो.

"मग कळत नाही," ते म्हणाले. "असा खडा सुक्या मासळीवरच्या बोक्यांना होतो. पाणी भरपूर पाजा."

म्हणजे मला कारण त्याच दिवशी कळलं होतं. कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

मी सुकट बंद केली का? पंधरवडाभर केली. बोका धाब्यावर टाकीमागे बसून रिकामा डबा चाटायचा आणि माझ्याकडे बघायचा. मलाही राहवेना. मी आणली, मी खाल्ली तर तो खाणारच. पुन्हा अडली.

यावेळी अक्कानं गावठी उपाय काढला. मुतखड्यावर केळीच्या खांबाचं पाणी, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक. असोद्याला ओळखीच्या मळ्यातून मी केळीचा अख्खा खांब आणला, एस.टी.त, सीटवर आडवा. कंडक्टर म्हणाला, "कोणाला झालाय?" मी म्हटलं, बोक्याला. पुढे जळगाव येईपर्यंत सगळी बस मला उपाय सांगत होती. एक आजोबा तर म्हणाले, "बोक्याले काय रे, मलेच दे थोडं."

रस काढला. बोका वास घेऊन पळाला. अक्का रडकुंडीला आली. मी म्हणालो, तू बाहेर थांब, मी पाजतो. आणि आत जाऊन त्या रसात चिमूटभर सुकट चुरून टाकली. त्यानं वाटी चकाचक केली, आणि संध्याकाळपर्यंत घमेलं ओलं झालं. अक्कानं ते दारातून पाहिलं आणि केळीला नमस्कार केला. औषधातून मी रोज त्याला रोगच पाजत होतो, आणि गल्लीत माझी कीर्ती झाली की भाऊच्या हाताला गुण आहे.

गल्लीत तोवर रामराम बंद झाला होता. समोर आलं माणूस की विचारायचं, "झाली का?" कामावर जाणारे सायकलवरून एक पाय टेकवून विचारायचे. झाली म्हटलं की खरंच आनंद व्हायचा त्यांना.

इथवर हसण्यासारखं आहे. मीही हसून सांगतो कधी कधी. सुकट तेवढी वगळून.

समोरच्या घरात एक वहिनी राहायच्या. धुळ्याकडच्या, बोलणं अहिराणी. अक्काची आणि त्यांची जिवाभावाची मैत्री. उन्हाळ्यात आमच्याकडे उडदाचे पापड गल्लीनं मिळून होतात. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या; पीठ कुटायला एकमेकींचे हात लागतात, एकटीचं ते काम नाही. त्या वर्षी पहिली पाळी वहिनींची होती, कारण त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्याबरोबर पापड द्यायचे होते. पापड लाटता लाटता वहिनींनी तेल लावलेली एक लाटी बोक्यापुढे टाकली. त्यानं चाटली, थोडी खाल्ली. सगळ्या हसल्या.

एक-दोन दिवसांत बोक्याची पुन्हा अडली.

"पापडखार होता त्या लाटीत," अक्का म्हणाली. "खारानंच लागलं त्याले."

वहिनी धावत आल्या. "अक्का, एकच लाटी व्हती वं. बठ्ठा पोरे लाट्या खातस, त्यास्ले काई व्हत नई."

"पोरांचं पोरांपाशी. मह्या बोक्याच्या जिवावर उठली तू. पाय नको ठेवू आता मह्या दारात."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तं शिकेल शेतस. सांगा ना अक्काले."

माझ्या खिशात त्या वेळी पुडी होती. मी म्हणालो, "आधी याला दवाखान्यात नेऊ."

अक्का गल्लीत मोठी होती. तिनं वहिनींच्या घरी जाणं सोडलं तसं एकेकीनं सोडलं. कोणी भांडलं नाही. प्रत्येकीला त्या दिवशी काही तरी काम निघायचं. वहिनींनी उरलेलं पीठ नवऱ्याला घेऊन कुटलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, दम लागणारे गृहस्थ. मुसळ उचलायचे, थांबायचे, पुन्हा उचलायचे. मी खिडकीतून पाहत होतो. अक्कानं विचारलं, "काय पाहू राह्यला?" मी म्हणालो, काही नाही.

त्या दिवशी मी डबा टाकीमागून काढला आणि नाल्यात फेकला. पुन्हा सुकट घरी आणली नाही, खाल्ली नाही. बोका आठवडाभर रुसला, मग मुकाट दूध-भाकरीवर आला, पाणी प्यायला लागला. त्याची लघवी पुन्हा कधी अडली नाही. पुढे पुष्कळ वर्षं जगला, म्हातारपणानं गेला.

आणि हेच वहिनींना भोवलं. अक्का गल्लीभर सांगायची, "पाहा, तिचं येणं बंद झालं अन् तो बरा झाला. आणखी काय पुरावा पायजे?" खरंच, आणखी काय पाहिजे होतं? मी जितका शुद्ध वागत गेलो, तितक्या वहिनी दोषी ठरत गेल्या. मी सुकट सोडल्याचं कोणाला दिसलं नाही. बोका मुतताना मात्र सगळ्यांना दिसत होता.

मुलीच्या लग्नाला अक्का गेली नाही. मी गेलो, जेवलो. पंगतीत वहिनींनी स्वतः पापड वाढला. "बोका बरा शे ना?" म्हणाल्या. मी मान हलवली.

त्या पुढे धुळ्याला मुलाकडे गेल्या. अक्का नव्वदच्या दशकाच्या मध्यात वारली, शेवटपर्यंत तिच्या लेखी तो खार वहिनींचा. आता अक्काला सांगता येत नाही. वहिनी आहेत, थकल्या आहेत, ऐकू कमी येतं असं कळतं. जळगाव-धुळे म्हणजे काही लांब नाही, आणि मी कामानिमित्त तिथं कितीदा तरी जाऊन आलो आहे, त्यांची गल्ली सोडून.

त्यांच्या लाटीनं काही झालं नव्हतं, मी केलं होतं, हे त्यांच्यासमोर बसून, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.